नटावरचा लाल ठिपका

बॉनेटखाली वाकलेल्या मिस्त्रींनी नटावरचा लाल ठिपका नखाने खरवडला, आणि दांडीच्या आट्यांमध्ये, नटापासून थोडा दूर, आणखी एक लाल ठिपका दिसला.

त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि हातदिवा जवळ नेला. दिसलं ते खरंच होतं. नटावरचा ठिपका चकचकीत, नवा. दुसरा तेलाने काळवंडलेला, निम्माच उरलेला. दोन्हींमध्ये दीड आट्याचं अंतर. म्हणजे मिस्त्रींनी नट आवळून, ठिपका देऊन पाठ फिरवल्यावर कोणीतरी तो सैल केला होता, दांडी दीड आटा लांब केली होती, आणि जणू काही घडलंच नाही अशा थाटात वर पुन्हा लाल ठिपका दिला होता.

"सापडलं का काही?" शेजारी उभ्या असलेल्या दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. ही बसकी, दोन माणसांची गाडी त्यांची. तिच्यावर त्यांचा जेवढा जीव होता तेवढा दवाखान्यातल्या कुठल्याच खुर्चीवर नव्हता.

"मधे गाडी दुसरीकडे दाखवली होती?"

"छे हो! माझा पेशंट दुसऱ्याकडे जाऊन आला की तोंड उघडल्याबरोबर मला कळतं. मी तुमच्याशी असं करीन होय?"

डॉक्टरांची तक्रार अशी होती की सहा महिन्यांपूर्वी मिस्त्रींनी बूस्ट चौदा पौंडांवर लावून दिला होता. गेल्या आठवड्यात हौसेने त्यांनी गाडीत बूस्टचा काटा बसवून घेतला, तर काटा बाराच्या पुढे सरकायला तयार नाही. नेमका तेव्हा शेजारी मेहुणा बसलेला. मेहुण्याचीही गाडी टर्बोची, आणि त्याचा काटा म्हणे चौदा दाखवतो. रविवारी दोघं ट्रॅकवर गाड्या घेऊन जाणार होते. डॉक्टरांची झोप उडाली होती.

"पाचला या," मिस्त्री म्हणाले. "काटा जिथे जायचा तिथे जाईल."

डॉक्टर गेले. मिस्त्री मात्र बॉनेटखाली तसेच वाकून उभे राहिले.

टर्बोचं गणित तसं सोपं असतं. इंजिनाच्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं आणि ते इंजिनात हवा कोंबतं. कोंबलेल्या हवेचा दाब तो बूस्ट. दाब फार वाढू नये म्हणून एक झडप जादा धूर बाजूने काढून देते, आणि ती झडप कधी उघडायची हे बोटाएवढी एक दांडी ठरवते. दांडी आखूड केली की झडप उशिरा उघडते आणि बूस्ट चढतो. लांब केली की उतरतो. दांडी कुणीही फिरवू शकतं. कुठे थांबायचं ते कळणं हीच खरी विद्या, आणि त्या विद्येत मिस्त्रींचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. बत्तीस वर्षांत त्यांच्या हातचं एक इंजिन फुटलं नव्हतं. नट आवळला की ते नटावरून दांडीवर जाईल असा नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचे. नट कुणी हलवला तर ठिपका तुटतो, चोरी लगेच कळते. पण खरं सांगायचं तर ती त्यांची सही होती. जुन्या गाड्या विकणारे गिऱ्हाइकाला बॉनेट उघडून तो ठिपका दाखवायचे, आणि हे मिस्त्रींना ठाऊक होतं, आवडतही होतं.

पहिली बाटली त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी बायकोच्या कपाटातून उचलली होती. पुढच्या सगळ्या बाटल्या तिनेच आणून दिल्या, त्याच छटेच्या. "माझ्या नखांना काही रंग लागला नाही," ती पाहुण्यांना सांगायची, "जगातल्या गाड्यांना लागला."

आता त्या सहीखाली खाडाखोड निघाली होती. मिस्त्रींचे कान तापले. कोपऱ्यात तेल बदलायला आलेली एका छायाचित्रकाराची गाडी उभी होती. तिचाही बूस्ट त्यांनीच गेल्या वर्षी लावलेला. त्यांनी तिचं बॉनेट उघडलं, दिवा आत घातला आणि ठिपका खरवडला. खाली दुसरा ठिपका. सव्वा आट्याचा फरक.

रंग तोच. म्हणजे बाटली तीच. बाटली असते टेबलाच्या वरच्या खणात, आणि या गॅरेजमध्ये माणसं दोनच. एक ते स्वतः.

"बाबा, चहा घेताय ना?" मागून आवाज आला.

दुसरी ही. त्यांची मुलगी. सात वर्षांची असताना चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरीला हात लावून अशी काही उडाली होती की तेव्हापासून सगळे तिला ठिणगीच म्हणत. आता ती तिशीला टेकली होती आणि इंजिन उतरवण्यापासून चढवण्यापर्यंत सगळं करायची. फक्त बूस्टला मिस्त्रींनी तिला अजून हात लावू दिला नव्हता. ते काम त्यांचं.

मिस्त्रींच्या जिभेवर आलं होतं ते बरंच कडू होतं. पण ठिणगीच्या हातातल्या दोन कपांकडे पाहून ते त्यांनी गिळलं. चोराला पकडायचं तर मुद्देमालासकट, हा त्यांचा जुना बाणा.

"दे," ते म्हणाले. "आणि डॉक्टरांची गाडी रोलरवर घे. दांडी दीड आटा आखूड करतोय. दोघं मिळून ऐकू."

ठिणगीचा हात किंचित हलला. चहा बशीत सांडला.

"दीड?"

"का? जास्त वाटतं?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं."

ऐकण्याची त्यांची पद्धत सगळ्या धंद्यात कुणाची नसेल अशी होती. तांब्याची वीतभर नळी, टोक ठोकून चपटं केलेलं, ते इंजिनाला बोल्टने आवळायचं. दुसऱ्या टोकाला रबरी नळी. ती खिडकीतून आत यायची आणि कानावर घालायच्या जाड वाट्यांना जोडलेली असायची. बूस्ट वाढत गेला की एका क्षणी इंजिनात इंधन वेळेआधीच भडकायला लागतं. त्याला म्हणतात नॉकिंग. मोठं झालं तर बहिऱ्यालाही ऐकू येतं, पण तोवर पिस्टनची वाट लागलेली असते. अगदी सुरुवातीचं नॉकिंग फक्त नळीतून कळतं. पत्र्यावर चिमूटभर मोहरी सांडावी तेवढाच बारीक आवाज.

ठिणगी बारा वर्षांची झाली तेव्हा मिस्त्रींनी रबरी नळी मधे कापून तीन तोंडांचा जोड बसवला होता. एक नळी, दोघांचे कान. मुलीला आवाज ओळखता यावा म्हणून मोहरी सांडली की ते बोट वर करायचे. "हे. आणि हे. ऐकलंस? आणि हे." महिनाभर तिला काही कळलं नव्हतं. मग एके दिवशी तिचं बोट त्यांच्या बोटाबरोबर वर गेलं, आणि त्या दिवशी मिस्त्रींनी घरी जाऊन बायकोला ते तीनदा सांगितलं होतं.

आज दोघं डॉक्टरांच्या गाडीत शेजारी शेजारी बसले. मागची चाकं रोलरवर, गाडी पट्ट्यांनी जखडलेली. ठिणगी चालवायला, मिस्त्री बाजूला, दोघांच्या कानांवर वाट्या. तिने गिअर टाकला आणि पाय दाबत नेला. टर्बोची शीळ वाढत गेली. काटा दहावर, अकरावर, बारावर आला.

एरवी मिस्त्री डोळे मिटून ऐकत. आज त्यांनी डोळे उघडे ठेवले, आणि काट्याकडे न बघता मुलीकडे बघितलं.

त्यांच्या कानात इंजिन गात होतं. एकसंध, स्वच्छ. काटा तेरावर पोचला आणि ठिणगीचा जबडा घट्ट झाला. चौदावर तिचं स्टिअरिंगवरचं बोट उचललं गेलं, अर्धा इंच, आणि तिने ते झटकन परत टेकवलं. बारा वर्षांच्या वयात लागलेली सवय ती. मनाने लपवलं तरी बोट ऐकत नव्हतं. मिस्त्रींनी पुन्हा कान देऊन ऐकलं. त्यांच्या कानात मोहरी नव्हती. काहीच नव्हतं.

तिने पाय काढला. रोलर घरघरत थांबले.

"काही वाजलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही," ठिणगी समोरच्या काचेकडे बघत म्हणाली. "मस्त ओढतेय, बाबा."

मिस्त्री उतरले. त्यांनी पाना घेतला, फडक्यात धरून पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला आणि दारापाशी उजेडात नेला. प्लग खोटं बोलत नाही. त्याच्या चिनी मातीच्या पांढऱ्या नाकावर काळे बारीक ठिपके उडालेले होते, उकडलेल्या अंड्यावर मिरपूड भुरभुरावी तसे. ते ठिपके कशाचे हे मिस्त्रींनीच मुलीला शिकवलं होतं. नॉकिंग झालं होतं, आणि चांगलं झालं होतं.



गेली दोन वर्षं ते स्वतःवर खूश होते. पूर्वी ज्या इंजिनांना बारा पौंडांवर थांबवावं लागायचं, ती हल्ली त्यांच्या हाताखाली तेरा, चौदा पचवत होती. "हात मुरतो तो असा," ते जेवताना सांगायचे, चारचौघांत सांगायचे, डॉक्टरांनाही सांगितलं होतं. इंजिनं काही सुधारली नव्हती. मोहरी सांडायची थांबली नव्हती, त्यांना ती ऐकू येईनाशी झाली होती. आणि तरी बत्तीस वर्षांत एक इंजिन फुटलं नव्हतं, कारण रोज दुपारी जेवून ते माळ्यावर तासभर आडवे व्हायचे, आणि त्या तासात खाली कोणीतरी दहा नंबरचा पाना घेऊन दीड आटा मागे यायचं, आणि श्रेय मात्र लाल रंगात त्यांच्याच नावावर ठेवून जायचं.

त्यांना लाज वाटली. पण त्या लाजेच्या पाठोपाठ, तिला धक्का मारून पुढे येत, दुसरंच काहीतरी छातीत चढलं. दीड आटा. सरसकट दोन नाही, भीत भीत पाऊणही नाही. त्यांचा कान शाबूत असता तर याच इंजिनावर ते स्वतः नेमके तिथेच थांबले असते. आणि छायाचित्रकाराच्या गाडीला सव्वा, कारण ते इंजिन वेगळं. ठिणगीने प्रत्येक इंजिनाचं म्हणणं वेगळं ऐकलं होतं. ही पोर आपल्यापेक्षा चांगली आहे, असं त्यांच्या मनात स्वच्छ शब्दांत आलं, आणि ते परतवून लावावं असं त्यांना अजिबात वाटलं नाही.

"प्लग कसा आहे?" आतून तिने विचारलं. आवाजात धाकधूक होती.

"बरा आहे," मिस्त्री म्हणाले आणि प्लग खिशात टाकला. "दुसरा घाल. मी जेवून पडतो जरा."

पण ते माळ्यावर गेले नाहीत. मागच्या दाराने निघाले आणि दोन गल्ल्या सोडून असलेल्या बांगड्या, टिकल्या, पावडरीच्या दुकानात शिरले. बत्तीस वर्षं ज्या दुकानाच्या रंगावर त्यांचं नाव चाललं होतं, त्याची पायरी ते पहिल्यांदाच चढत होते. काउंटरवरच्या बाईंनी त्यांच्या काळ्या हातांकडे आणि मग चेहऱ्याकडे पाहिलं.

"नेलपॉलिश," मिस्त्री म्हणाले.

"कोणासाठी?"

"मुलीसाठी."

"रंग कसा आहे मुलीचा? म्हणजे तसं दाखवते. गुलाबी?"

"तेलातून, धुरातून उठून दिसेल असा पाहिजे."

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि जरा सबुरीने विचारलं, "काही कार्य वगैरे आहे का?"

मिस्त्रींनी विचार केला. "आहे," ते म्हणाले.

अर्धा तास त्यांनी बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. शेवटी निळी घेतली, मोरपंखी निळी.

ते परतले तेव्हा ठिणगी डॉक्टरांच्या गाडीवर वाकलेली होती. दहा नंबरचा पाना फेंडरवर, लाल बाटली उघडी, आणि नटावर ताजा ठिपका ओला चमकत होता. पावलं ऐकून ती वळली आणि जागच्या जागी थिजली. इतक्या वर्षांत बाबा कधी तासाच्या आत उठले नव्हते.

"बाबा, मी फक्त..."

मिस्त्रींनी खांद्यावरचं फडकं घेतलं, ओला लाल ठिपका पुसून टाकला आणि नट कोरडा केला.

"माझ्या पाठीमागे किती गाड्या तपासल्यास?" त्यांनी विचारलं.

ती खालच्या आवाजात म्हणाली, "अकरा."

"अकराच्या अकरा चुकलो मी?"

"नाही. दोन बरोबर होत्या तुमच्या. त्यांना मी हात नाही लावला."

"तोंडावर सांगायचं होतंस."

"कसं सांगणार होते?" आता तिचे डोळे भरले. "तुम्ही सगळ्यांना सांगत होता, हात मुरलाय म्हणून. किती खूश होता. मला वाटलं, इंजिन वाचतंय आणि तुम्हीही खूश आहात, तर मग कोणाचं काय बिघडलं?"

"माझी सही बिघडली," मिस्त्री म्हणाले. आवाज चढला नव्हता. "दुसऱ्याच्या कामाखाली सही करत होतो मी. आयुष्यात केलं नाही ते तू माझ्याकडून करवलंस."

ठिणगीने मान खाली घातली. मिस्त्रींनी खिशातून निळी बाटली काढली आणि पान्याशेजारी फेंडरवर ठेवली. तिने बाटलीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा बाटलीकडे.

"चल," ते म्हणाले. "तपासल्याशिवाय ठिपका द्यायचा नसतो, हे पण विसरलीस का?"

पुन्हा दोघं आत बसले. तिने सवयीने दुसऱ्या वाट्या त्यांच्यापुढे धरल्या. मिस्त्रींनी त्या घेतल्या आणि कानांवर न लावता मांडीवर ठेवल्या.

"तू ऐक. मी बघतो."

काटा चढला. दहा. अकरा. बारावर तिने तो धरून ठेवला, मनात वीस अंक मोजता येतील इतका वेळ. मिस्त्री तिच्या बोटाकडे बघत होते. बोट स्टिअरिंगवर शांत पडून होतं. तिने पाय काढला, वाट्या कानांवरून उतरवल्या आणि त्यांच्याकडे वळली. काही विचारावं लागलं नाही. मिस्त्रींनी मान हलवली.

ठिणगीने निळा ठिपका दिला. जरा जाडच पडला. मिस्त्रींनी जवळ जाऊन पाहिला.

"पहिला आहे," ते म्हणाले. "पुढचे बारीक येतील."

पाचच्या ठोक्याला डॉक्टर हजर. त्यांनी आधी बॉनेट उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"मिस्त्री, हे काय? निळा? आणि काटा?"

"काटा बारा."

"पण मेहुण्याचा चौदा आहे!"

"असू दे. रविवारी गाडी ओढायला दोर घेऊन जा, त्याच्यासाठी." मिस्त्रींनी खिशातला प्लग काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. "सकाळी तुमची चौदावर चालवली होती. ही मिरपूड बघा. तुमच्या भाषेत सांगायचं तर कीड लागायला सुरुवात झाली होती. मागच्या खेपेला चौदा मीच लावले होते. ती माझी चूक. हिने ती त्याच दिवशी सुधारली, म्हणून तुमचं इंजिन आज जिवंत आहे."

डॉक्टरांनी प्लग डोळ्यांजवळ नेऊन एखाद्या दाढेसारखा फिरवून पाहिला. त्यांना कळलं. तरी त्यांचं मन लाल ठिपक्यात अडकलं होतं.

"ते ठीक, पण बाजूला एक लाल देऊन टाका ना. लोक विचारतात हो."

"लाल बंद झाला."

"आणि हा कोणाचा?"

मिस्त्रींनी हात पुसत पुसत ठिणगीकडे पाहिलं. ती मुद्दाम पाने डब्यात लावत होती, पाठ करून.

"यापुढे लोकांना हाच विचारायला सांगा," ते म्हणाले. ते इतक्या ताठ मानेने म्हणाले की डॉक्टरांनी बॉनेट खाली केलं.

दिवेलागणीला मिस्त्री घरी आले. बायको खिडकीपाशी शर्टाला बटण लावत बसली होती. त्यांनी खिशातून लाल बाटली काढून तिच्यापुढे ठेवली. अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

"उद्या आणते नवीन," ती न बघताच म्हणाली.

"संपली नाहीये."

तिने दात लावून दोरा तोडला आणि वर पाहिलं.

"लेकीने निळा घेतला," मिस्त्री म्हणाले. एवढंच म्हणताना त्यांचा ऊर भरून आला. "ही तुझी. तू लाव."

तिने शर्ट बाजूला ठेवला, डावा हात गुडघ्यावर पसरला आणि बाटली उघडून त्यांच्या हातात दिली.

"तुम्हीच लावा," ती म्हणाली. "हात मुरलाय ना तुमचा?"

मिस्त्रींनी चष्मा नाकावर ओढला आणि तिचं करंगळीचं नख उजेडात धरलं.